चौथी बाजू

पाळणा जोडायला निनादला वाटलं होतं त्याहून बराच जास्त वेळ लागला. खोक्यातून निघालेले सगळे भाग त्याने झोपायच्या खोलीत फरशीवर मांडले होते आणि मधोमध बसून तो एकेक उचलून उलटसुलट करून बघत होता. चारुशीलाबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. शाल्मली दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. जावई एकटाच घाम गाळतोय हे बघून त्यांना स्वयंपाकघरात थांबवेना.

"आमच्या वेळी साडीची झोळी बांधली की झालं," त्या म्हणाल्या.

"झोळीला गाठ मारता यायला हवी, आई. मला तीही येत नाही."

'कुशी' नावाचा हा पाळणा गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचला होता. दिसायला अगदी साधा. तीन बाजूंना जाळीचं कापड आणि चौथी बाजू उघडी. ती उघडी बाजू मोठ्यांच्या पलंगाला भिडवायची, दोन्ही गाद्यांची उंची एकसारखी करायची आणि पाळणा पट्ट्यांनी पलंगाच्या चौकटीला आवळून टाकायचा. मध्ये बोटभरही फट राहू द्यायची नाही. मग बाळ आईच्या हाताशी, पण स्वतःच्या गादीवर. अंगाखाली सापडायची भीती नाही, आणि भूक लागली की आईने नुसतं कुशीवर वळायचं.

खरी करामत त्या उघड्या बाजूतच होती. तिथे गादीच्या पातळीखाली एक पातळ भिंत दडलेली असे. पाळण्याच्या दांड्यांतून अतिशय मंद रेडिओलहरी निघत, बाळाच्या आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या अंगावर आपटून परत येत. परत येणाऱ्या लहरींतल्या बारीकशा फरकावरून पाळण्याला श्वास कळे, नाडी कळे, कुठला स्नायू ताठ आहे आणि कुठला सैल हेही कळे. अंगाला एकही तार लावावी लागत नसे. शेजारचं माणूस दारू पिऊन झोपलं असेल, गोळीच्या गुंगीत असेल, बाळ कण्हलं तरी जाग येणार नाही अशा अवस्थेत असेल, तर भिंत आवाज न करता वर येई आणि पाळणा चारी बाजूंनी बंद होई. लाखो माणसांच्या झोपेवरून हे यंत्र शिकलं होतं. झोपेत दगावणारी तान्ही मुलं त्यामुळे खरोखरच कमी झाली होती, आणि आता बहुतेक प्रसूतिगृहं बाळंतिणीला घरी सोडण्याआधी पाळणा जोडलाय ना, असं विचारत.

शेवटचा पट्टा आवळून झाल्यावर निनाद पलंगावर आडवा झाला. दांड्यावर हिरवा ठिपका उमटला. भिंत जागची हलली नाही.

"आई, तुम्हीपण पडून बघा एकदा. घरातली सगळी माणसं त्याच्या ओळखीची झालेली बरी."

जावयाच्या पलंगावर झोपायचं म्हणजे चारुशीलाबाईंना अवघडल्यासारखं झालं. तरी त्या चपला काढून टेकल्या, मग आडव्या झाल्या आणि डोळे मिटले. ठिपका हिरवाच राहिला.

चारुशीलाबाई मिरजेत एका नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहात रेक्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. शाल्मली दुपट्यात होती तेव्हा नवऱ्याचं घर सोडून त्यांनी ती नोकरी धरली होती. पगार बेताचा, पण राहायला दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत, दोनशे मुलींच्या गलबल्यात शाल्मली वाढली, शिकली, नाशिकला शाळेत भूगोल शिकवू लागली, आणि तिथेच तिने निनादशी लग्न केलं. मुलगी बाळंतपणाला मिरजेला येण्याऐवजी आईच इथे आली होती.

*

भिंत पहिल्यांदा वर आली ती शाल्मली घरी आल्याच्या दुसऱ्या दुपारी.

चारुशीलाबाई शेकशेगडीची राख टाकून खोलीत आल्या तर शाल्मली गाढ झोपली होती, आणि तिच्या आणि बाळाच्या मध्ये दुधी रंगाची भिंत उभी होती. ठिपका लाल झाला होता. बाळ जागं होतं. तोंड आईच्या बाजूला वळवून ते भिंतीकडे बघत होतं.

शाल्मली जागी झाल्यावर भिंत खाली गेली. संध्याकाळी तिचा डोळा लागला तशी पुन्हा वर आली.

यंत्रात काहीतरी बिघडलंय असं तिघांनाही वाटलं. निनाद शाल्मलीच्या जागेवर झोपला, भिंत खालीच. चारुशीलाबाई झोपल्या, खालीच. शाल्मली झोपली की मात्र काही वेळाने वर. निनादच्या फोनवर निरोप येऊन पडत होता: शेजारी झोपणारी व्यक्ती बाळासाठी सुरक्षित नाही.

निनादने मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या बाईंनी दूरवरूनच पाळणा तपासला आणि शांतपणे सांगितलं की पाळणा व्यवस्थित आहे, तुम्ही वैद्यकीय सल्ला घ्या.

"तू दवाखान्यातून दिलेली कुठली गोळी घेतेयस का अजून?" निनादने शाल्मलीला विचारलं.

"लोहाची. तीपण सकाळी. तूच देतोस."

"नाही, म्हणजे दुखण्यावरची वगैरे."

जळगावहून निनादच्या आईचा रोज फोन येई. तिसऱ्या दिवशी तिने बाळाचं सगळं विचारून झाल्यावर मऊ आवाजात विचारलं, "शाल्मली, झोप लागावी म्हणून काही घेतेस का गं? सांग हो मोकळेपणानं, आम्ही काही म्हणणार नाही." शाल्मली 'नाही' म्हणाली आणि फोन निनादच्या हातात देऊन न्हाणीघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर ती झोपायलाच घाबरू लागली. डोळे तारवटले, बोलण्यात चिडचिड आली. बाळ दूध पिता पिता झोपलं की ती पाठ भिंतीला टेकून ताठ बसून राही. पेंग आली की दचकून त्या चौथ्या बाजूकडे बघे.

"फेकून द्या तो पाळणा," चारुशीलाबाई एकदा म्हणाल्या. "बाळाला माझ्याजवळ दे. यंत्राचं काय ऐकायचं?"

"आणि ते खरं सांगत असेल तर?" शाल्मली म्हणाली.

*

पाळण्याला कॅमेरा नव्हता. पण त्या परतणाऱ्या लहरींवरून शेजारच्या माणसाची हालचाल आकृतीच्या रूपात साठवलेली असे, आणि मागितली तर मिळे. निनादने ती मागवून घेतली. सकाळी चहा झाल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर पडदा उभा केला आणि तिघं बघायला बसली. बाळ चारुशीलाबाईंच्या मांडीवर होतं.

पडद्यावर एक राखाडी आकृती कुशीवर निजलेली होती. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसता माणसाचा घाट. बराच वेळ ती स्वस्थ होती. मग तिची बोटं हलली. हात कोपरातून वर उचलला गेला आणि मूठ वळून हवेत जोरात फिरली. एकदा, पुन्हा एकदा. मग पाय झाडले गेले. कुणाला तरी ढकलून द्यावं तशी आकृतीची सगळी पाठ ताठली. तोवर भिंत उभी राहिली होती आणि मूठ तिच्यावर आदळत होती. थोड्या वेळाने हात खाली पडला. आकृती पुन्हा स्वस्थ झाली.

"ही मी आहे?" शाल्मलीने विचारलं.

निनादने उत्तर द्यायच्या ऐवजी सदऱ्याची बाही वर सरकवली. दंडावर जुना, पिवळा पडलेला डाग होता.

"सातव्या महिन्यापासून," तो म्हणाला. "मला वाटलं, अवघडलेपण आहे, झोप नीट लागत नसेल. तुला सांगून उगाच कशाला."

चारुशीलाबाई पडद्याकडेच बघत होत्या. आकृतीला चेहरा नव्हता, म्हणूनच की काय, त्यांना ती लगेच ओळखू आली होती. बाळाला टेबलापाशी निनादकडे देऊन त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

त्यांचा नवरा मुकुंद असाच हात फिरवायचा.

दिवसा त्याने कुणाला अरे म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. सांगलीत दूध संघात यंत्रांवर होता, घरी आला की कपडे स्वतः धुवायचा, भाजी निवडायचा. आणि झोपेत त्याच्या मुठी वळायच्या. दोनदा त्यांचा ओठ फुटला, एकदा कान सुजला. सकाळी तो चेहरा बघून विचारायचा, काय लागलं? आणि सांगितलं की पांढरा पडून म्हणायचा, मला काही आठवत नाही गं. पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं. मग वाटेनासं झालं. माणूस मनातला राग असा काढतो आणि वर साळसूदपणा करतो, असं त्यांच्या डोक्यात बसलं. एकदा फटका दोघांच्या मध्ये निजवलेल्या शाल्मलीच्या कानशिलावर बसला. त्याच सकाळी त्यांनी पिशवी भरली.

माहेरी भावाने विचारलं होतं, "पितो का?" झोपेत मारतो हे कुणाला सांगणार, आणि कोण ऐकून घेणार? त्यांनी होकारार्थी मान हलवली होती. तेवढ्या एका मान हलवण्याने सगळं सोपं झालं. लोकांनी पुढे काही विचारलं नाही. शाल्मली मोठी झाल्यावर तिलाही त्यांनी तेच सांगितलं, आणि इतकी वर्षं सांगता सांगता त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. मुकुंदचे हात कापतात असं कुणीतरी एकदा मिरजेला येऊन बोललं तेव्हा त्या मनात म्हणाल्या होत्या, दारूने कापतच असणार.

निनादने नळ बंद केला तेव्हा त्यांना कळलं की तो मागे उभा आहे.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरची वेळ घ्या."

*

डॉक्टर शिरोळे मेंदूविकाराच्या तज्ज्ञ होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी शाल्मलीला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, मग ती आकृती मन लावून पाहिली.

"आपण स्वप्नात पळतो, भांडतो, पण अंथरुणात अंग हलत नाही," त्या म्हणाल्या. "कारण मेंदूच्या खालच्या टोकाला, जिथे तो पाठीच्या कण्याला जोडलेला असतो, तिथे एक लहानसा भाग आहे. स्वप्न सुरू झालं की तो शरीराच्या स्नायूंकडे जाणारे हुकूम अडवून धरतो. काही जणांत ही अडवणूक होत नाही. मग स्वप्नातला फटका खराच बसतो. त्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नसतं. तो मनाने तिथे नसतोच."

चारुशीलाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"हे इतकंच असतं तर मी तुम्हाला दोन गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं. पण पुष्कळदा ही पुढच्या आजाराची पहिली खूण असते. एक प्रथिन पेशींमध्ये साचून त्याच्या गुठळ्या व्हायला लागतात. सुरुवात त्या खालच्या भागात होते आणि वर्षानुवर्षं त्या हळूहळू वर सरकतात. मग हालचाली मंद होतात, हात कापतात, पुढे पुढे गिळणं, बोलणं. कंपवाताचंच भावंड म्हणा. उतारवयात झालं तर सहसा एकट्यादुकट्याला होतं. तुमच्या वयात झालं, तर बहुतेक वेळा ते घराण्यातून आलेलं असतं. म्हणून विचारते, आईवडलांपैकी कुणाला काही होतं?"

"आई ही, धडधाकट आहे," शाल्मली म्हणाली. "वडील प्यायचे. पिऊन आईला मारायचे. मी तान्ही असताना आई मला घेऊन निघाली. त्याच्यापलीकडे मला त्यांचं काही माहीत नाही. ते वारलेत."

"दारूनेच?"

"तसंच असणार."

डॉक्टरांनी मान डोलावली. "मग घराण्याकडे बोट दाखवता येत नाही. बाळंतपणाच्या आगेमागे दुसऱ्या कारणांनीही असं होऊ शकतं. गुठळ्यांचा वेग कमी करणारं औषध आता आहे, पण ते फार लवकर सुरू केलं तरच उपयोगी पडतं, आणि त्याबरोबर अंगावरचं दूध बंद करावं लागतं. उगाच नाही देणार मी. सहा महिने थांबू आणि पुन्हा बघू."

शाल्मलीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रक्त परतल्यासारखं झालं. निनादने तिचा हात धरला. चारुशीलाबाईंना एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. मुलगी खुशीत घरी गेली असती. सहा महिने बाळाला पाजलं असतं. वर सरकणारं सरकत राहिलं असतं.

"तो प्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझा नवरा. त्याने कधी तोंडाला लावली नाही. तो झोपेत मारायचा. सकाळी आठवत नाही म्हणायचा." त्या डॉक्टरांकडेच बघून बोलत होत्या. "असाच हात फिरवायचा. हिच्यासारखा."

निनादने धरलेला हात शाल्मलीने सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

*

घरी आल्यावर शाल्मलीने बाळाला पाजलं, ढेकर काढली, निनादकडे दिलं आणि आईसमोर येऊन बसली.

"काकांचा नंबर आहे तुझ्याकडे?"

मुकुंदच्या धाकट्या भावाचा, विलासचा नंबर होता. मुकुंद गेल्याचं त्यानेच कळवलं होतं. चारुशीलाबाई तेव्हा गेल्या नव्हत्या. शाल्मलीने फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"वहिनी?" विलासचा आवाज म्हातारा झाला होता.

"मी शाल्मली बोलतेय, काका. आई इथेच आहे. मला बाबांचं विचारायचं होतं. त्यांना काय झालं होतं?"

विलास बोलू लागला, काहीही आडपडदा न ठेवता, जणू कुणीतरी विचारायची तो वाट बघत होता.

"आधी हात. नोकरीवर स्क्रू पिळता येईना, म्हणून घरी बसवलं. मग पाय धरले. आम्ही खूप डॉक्टर केले बाळा. कुणी मेंदूचं म्हणालं, कुणी मनाचं म्हणालं. एकाने मनोरुग्णालयात ठेवायला सांगितलं, तिथून मी आठवड्यात परत आणला. शेवटी शेवटी घास गिळता येईना. पण डोकं बरेच दिवस शाबूत होतं. मिरजेला जाऊन तुला बघून येऊ म्हणायचा. मग आपणच म्हणायचा, नको, पोर घाबरेल. चाळिशी नव्हती ओलांडली."

"ते प्यायचे, काका?"

"मुकुंददादा? चहासुद्धा नको म्हणायचा." विलास म्हणाला. "वहिनी, तुम्हाला तरी कसं कळणार होतं? आम्हाला कळलं नाही."

फोन बंद झाल्यावरही शाल्मली त्याच्याकडे बघत राहिली.

"शाळेत मुली विचारायच्या, तुझे बाबा कुठेत," ती म्हणाली. "मी सांगायचे, दारुडा होता, आम्ही सोडलं त्याला. असं तोऱ्यात सांगायचे, आई. मला अभिमान वाटायचा तुझा."

"त्याने तुला मारलं होतं. कानाच्या इथे. हिरवंनिळं झालं होतं."

"त्यांनी नाही मारलं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"प्यायचे नाहीत, हे माहीत होतं."

चारुशीलाबाई ओशाळून उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. जेवणाची वेळ झाली होती आणि बाळंतिणीला उपाशी ठेवून चालणार नव्हतं.

*

तपासणीत जे निघायचं ते निघालं. शाल्मलीमध्ये तो दोष होता. बाळातही असण्याची शक्यता निम्मी होती. पण त्याची तपासणी आता करून काही हाती लागणार नाही, ते मोठं झाल्यावर त्याचं तेच ठरवेल, असं डॉक्टर म्हणाल्या. औषध सुरू झालं. शाल्मलीने छातीला घट्ट कापड बांधून दूध थांबवलं. दोन दिवस तिला ताप चढला. बाळ बाटली तोंडात घेईना, किंचाळून लालबुंद झालं, आणि शेवटी भुकेने हरून चोखू लागलं.

पाळणा आता दुसऱ्या खोलीत चारुशीलाबाईंच्या पलंगाला जोडला होता. त्यांच्या शेजारी भिंत कधीच वर येत नसे. दुपारी बाळाची बोटं त्यांच्या पदरात अडकलेली असत, आणि शाल्मली दाराच्या चौकटीला टेकून उभी असे. आत ये म्हटलं तर येई, बाळाच्या पायाला हात लावी, आणि डोळे जड होताहेत असं वाटलं की लगबगीने उठून जाई. आईशी ती कामापुरतं बोले. गोळ्यांनी झोपेतली हालचाल थोडी कमी झाली होती, थांबली नव्हती. निनाद बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागला होता.

एका संध्याकाळी चारुशीलाबाई गॅलरीत बाळाची दुपटी काढत असताना निनाद येऊन उभा राहिला. काढलेली दुपटी त्याने हातावर घेतली. तो बोलायला आलाय हे त्यांना कळलं, म्हणून त्या सावकाश काढू लागल्या.

"आई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्ही सांगली सोडलीत, तेव्हा कसं ठरवलंत? म्हणजे, किती दिवस मनात होतं?"

चारुशीलाबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. समोरचा माणूस वाईट नव्हता. या महिन्यात त्याचे गाल बसले होते. बायकोच्या गोळ्यांच्या वेळा तो चुकवत नव्हता. आणि तरी तो हे विचारत होता, त्यांनाच विचारत होता, कारण या घरात हा रस्ता माहीत असलेलं माणूस त्या एकट्याच होत्या.

"ठरवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो जागा असतो, मुद्दाम करतो, असं मी स्वतःला सांगितलं. ते एकदा पटलं की पाय आपोआप उचलले. आठ दिवसांसाठी जाते असं शेजारणीला सांगून निघाले होते मी."

"हं."

"तुम्हाला ते सांगता येणार नाही, निनाद. तुम्हाला माहीत आहे ती झोपेत असते. माझ्याकडे पाळणा नव्हता, तुमच्याकडे आहे. तुम्ही जाल ते सगळं माहीत असून जाल."

निनाद दुपट्यांकडे बघत राहिला.

"बाळ आहे ना पण," तो म्हणाला. "मी एकटा असतो तर प्रश्न नव्हता. मला आत्तापासून दिसतं, तिला भरवावं लागेल, उचलावं लागेल, आणि ते पोर हे सगळं बघत वाढणार. आणि बघताना त्याला कळणार की आपलंही असंच."

चारुशीलाबाईंनी उरलेलं दुपटं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

*

शेवटी ठरवलं शाल्मलीनेच. तिने त्यांचं गॅलरीतलं बोलणं ऐकलं होतं की नाही, हे कुणाला कळलं नाही. तिने जळगावला सासूबाईंना स्वतः फोन केला आणि सांगितलं की गोळ्यांचा नीट जम बसेपर्यंत बाळ तुमच्याकडे राहू दे, निनादही राहील, काम तिथून करता येतं. सासूबाई रडल्या. शाल्मली रडली नाही.

निघायच्या दिवशी निनादने पाळण्याचे पट्टे सोडले. जोडायला लागला होता त्यापेक्षा फारच कमी वेळात तो सुटा झाला. जळगावहून आलेले शाल्मलीचे सासरे गाडीत सामान लावत होते, सासूबाई बाळाला टोपडं घालत होत्या. शाल्मली आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. कितीतरी दिवसांनी ती आईच्या इतकी जवळ उभी होती.

"तू जा त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "त्याला तुझी सवय झालीय. तुझ्या वासाशिवाय झोपायचं नाही ते."

"होईल त्याला दुसरी सवय. लहान आहे."

"आई, मी तुला माफ वगैरे केलेलं नाही. इथे राहून ते मिळेल असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग जा ना. तिकडे तुझी गरज आहे. तुला आवडतं त्याच्याजवळ."

फार आवडत होतं. त्या कोवळ्या अंगाची ऊब शेजारी नसेल तर झोप कशी लागणार, याची चारुशीलाबाईंना धास्तीच वाटत होती. त्या बाहेर गेल्या, विहीणबाईंच्या हातातून बाळाला घेतलं, त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसून क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत दिलं. बाटल्या उकळायची पद्धत समजावून सांगितली. त्यांची स्वतःची पिशवी गाडीत नव्हती, हे निनादच्या लक्षात आलं. तो वाकून त्यांच्या पाया पडला, आणि उठताना त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे तो येत राहिला. बाळाला घेऊन येई, सुट्टी संपली की परत जाई. फोनही रोज करी. आठ दिवसांसाठी जाते असं सांगून निघालेल्या चारुशीलाबाईंपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक होता, पण नाशिकला राहायला तो पुन्हा आला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी गाडी दिसेनाशी झाली तशी शाल्मली आत आली, गोळी घेतली आणि आपल्या पलंगावर जाऊन पडली. पलंगाच्या कडेला, जिथे आधी पाळणा होता तिथे, फरशीवर त्याच्या पायांचे चार फिके ठसे होते.

चारुशीलाबाई दार लोटून आत आल्या. पलंगाला वळसा घालून निनादच्या रिकाम्या बाजूला गेल्या आणि टेकल्या.

"इथे नको झोपूस," शाल्मली मान न वळवता म्हणाली. "लागेल तुला."

चारुशीलाबाईंनी चष्मा काढला, हात लांब करून मेजाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला, आणि पायांवर चादर ओढून घेतली.

"झोप तू," त्या म्हणाल्या.